ते सहा महिने कशात धरायचे

बीडच्या बाहेर सरकीचं तेल काढणारा एक कारखाना आहे. तिथल्या प्रयोगशाळेत मी काम करते. आलेल्या सरकीत ओल किती, तेल किती उतरेल, निघालेल्या तेलात आंबटपणा किती, एवढं तपासून सांगायचं. आकडेमोडीची मला कधी भीती वाटली नाही. बी.एस्सी.ला असताना वसतिगृहातल्या मुली परीक्षेच्या आधी माझ्याकडून गणितं समजून घ्यायला यायच्या. म्हणून माझ्याच रजेचं गणित मला कितीतरी दिवस कळलं नाही, हे सांगताना अजून जरा चमत्कारिक वाटतं. खरं तर ते आजही पुरतं कळलेलं नाही.

आमच्या घरात रजा हा शब्द माझ्याआधी कुणाच्या तोंडी नव्हता. आईवडील आष्टीकडचे. थोडी कोरडवाहू जमीन, आणि दिवाळी झाली की ऊसतोड. अजूनही जातात. तोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दोघांपैकी एकजण बसला की कोयता बसला, आणि कोयता बसला की त्या दिवसाचा खाडा. नुसती मजुरी बुडते असं नाही, मुकादम वरून आणखी कापून घेतो. ताप आला, मयत झाली, बाई बाळंत झाली, कारण कोणतंही असो, शब्द एकच.

त्यामुळे मी नोकरीला लागले आणि भावाच्या लग्नासाठी पहिल्यांदा पगारी रजा घेऊन गावी गेले, तेव्हा आईला ते काही केल्या पटेना. घरी बसल्याचा पगार देतात म्हणजे पुढं कधीतरी वसूल करत असतील, असं ती म्हणाली. मी हसले होते. नियम आहे तसा, कायदा आहे, असं तिला मोठ्या झोकात सांगितलं होतं. कोणता कायदा, कसा हिशेब, ते तेव्हा मला तरी कुठं माहीत होतं? रजा लागायची तेव्हा मागायची, भाऊसाहेब हो म्हणायचे, संपलं. भाऊसाहेब म्हणजे कारखान्यात हजेरीचं काम बघणारे गृहस्थ. मवाळ स्वभावाचे, कुणाला सहसा नाही न म्हणणारे.

मुलगी झाली त्या वर्षी मी सहा महिने बाळंतपणाच्या रजेवर होते. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा आईही तोडीवरून परत आलेली होती. ते दिवस बरे गेले. परत कामावर आले तेव्हा सोयाबीन निघायचा सुमार होता. हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवला तर यंत्रानं तो लगेच ओळखला, आणि मला उगाचच बरं वाटलं. आम्ही पालीच्या बाजूला दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहतो. मुलीला दिवसा शेजारच्या वहिनी सांभाळायच्या. माझे यजमान औषधाच्या दुकानात कामाला आहेत. सासूबाई चकलांब्याला असतात. त्या दोन महिने येऊन राहून गेल्या होत्या. मग घरच्या म्हशी आणि मोठ्या दिरांची मुलं यांच्यापायी त्यांना परत जावं लागलं. एकूण घडी बसली होती.

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत सगळेजण आपापल्या मोबाइलवर हजेरीचं ॲप उघडून बसले होते. वर्षभराची रजा त्या दिवशी त्यात चढते. कुणी उन्हाळ्यातल्या लग्नांची जुळणी करत होतं, कुणी देवदर्शनाची. मी माझं उघडलं. ‘पगारी रजा शिल्लक’ याच्यापुढं शून्य होतं. मला वाटलं नेट नीट चालत नसेल. बंद करून पुन्हा उघडलं. तरी शून्यच.

भाऊसाहेबांकडे गेले. त्यांनी आपल्या संगणकात पाहिलं, चष्मा वर केला आणि मला समजावलं. आदल्या वर्षात दोनशे चाळीस दिवस काम भरलं पाहिजे. तेवढं भरलं तरच पुढच्या वर्षी पगारी रजा, आणि तीही जेवढे दिवस प्रत्यक्ष काम केलं त्यातल्या दर वीस दिवसांमागं एक. तुमचे दोनशे चाळीस भरत नाहीत, ते म्हणाले. अर्धं वर्ष तर तुम्ही घरीच होता.

हे त्यांनी लागट म्हणून म्हटलं नव्हतं. पण मला ते लागलं.

मी म्हटलं, “भाऊसाहेब, ती रजा कायद्यानंच दिली होती ना? मी काय खाडा केला होता?”

“खाडा नाही हो मॅडम,” ते म्हणाले. “पण हजरही नव्हता.”

खाडा नाही आणि हजेरीही नाही, मग ते दिवस काय होते? मी प्रयोगशाळेत परत आले, पुढ्यातला नमुना तपासला, आकडा लिहिला, आणि तो बरोबर आहे की नाही याची खात्री वाटेना म्हणून पुन्हा तपासला. बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी मी पॅकिंगमधल्या एका बाईंना विचारलं. त्या माझ्यापेक्षा वयानं बऱ्याच मोठ्या. दर चौदा एप्रिलला कितीही काम असलं तरी हक्कानं रजा घेणाऱ्या. मी त्यांना ताई म्हणते. ताईंनी छातीठोक सांगितलं की बाळंतपणाचे सगळे दिवस हजेरीतच धरतात, कायदाच आहे तसा, आणि त्या सहा महिन्यांचीही रजा मिळते. म्हणजे मला पूर्ण वर्षाची रजा मिळायला हवी, शून्य कसं काय? मला धीर आला. पण त्यांना स्वतःला अशी रजा कधी मिळाली होती का, हे विचारल्यावर त्या म्हणाल्या की त्यांच्या वेळी असलं काही नव्हतं, त्या दीड महिन्यात परत आल्या होत्या. मग त्यांना हे कुठून माहीत? तर कुणीतरी सभेत सांगितलं होतं. कोणत्या सभेत ते त्यांना आठवेना.

संध्याकाळी यजमानांना सांगितलं. त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ शोधून काढला. त्यात एक माणूस फळ्यासमोर उभा राहून सांगत होता की जानेवारीत पंधरा आणि जुलैत पंधरा दिवस अर्जित रजा आपोआप खात्यात जमा होते. आम्ही दोघं आनंदानं तो पाहत राहिलो. मुलगी आमच्या मधे बसून मोबाइल ओढत होती. व्हिडिओ संपत आला तेव्हा कळलं की ते सगळं सरकारी कर्मचाऱ्यांसाठी आहे. दुसरा व्हिडिओ दुकानं आणि कार्यालयांसाठीचा निघाला. त्यातही वीस दिवसांमागं एक होती, पण किती साठवता येते ते वेगळं होतं. तिसऱ्यात सांगितलं की आता नवा कायदा आलाय आणि जुनं सगळं विसरा. यजमान म्हणाले, तुझं प्रकरण या तिन्हींच्या मधलं दिसतंय. ते गमतीनं म्हणाले असतील, पण मला ते खरंच वाटलं.

कारखान्याचा एक सल्लागार आहे. महिन्यातून एकदा संभाजीनगरहून येतो, पगार, फंड, कायद्याची कामं बघतो आणि दुपारी परत जातो. जानेवारीच्या शेवटी तो आला तेव्हा भाऊसाहेबांनीच मला आत बोलावलं. माझ्यापेक्षा तरुण माणूस, बोलायला नम्र. त्यानं जे सांगितलं ते मी तेव्हा मान डोलावत ऐकलं, आणि बाहेर आल्यावर प्रत्येक वाक्य आठवून पुन्हा जुळवत बसले. ते साधारण असं होतं.

बाळंतपणाच्या रजेचे दिवस दोनशे चाळीसची अट भरायला धरतात. इथपर्यंत ताईंचं बरोबर. पण त्या दिवसांवर नवी रजा मिळत नाही. ती फक्त प्रत्यक्ष कामाच्या दिवसांवर मिळते. इथं ताईंचं चूक. म्हणजे दारातून आत येण्यापुरते ते दिवस हजेरीचे, आणि आत आल्यावर ते हजेरीचे नाहीत. एवढंही मी समजून घेतलं असतं. पण पुढं आणखी एक भानगड होती. जुन्या कायद्यात अट भरायला बाळंतपणाचे बाराच आठवडे धरायचे असं लिहिलेलं आहे, कारण तो लिहिला तेव्हा रजाच तेवढी होती. पुढं बाळंतपणाची रजा वाढून सव्वीस आठवड्यांची झाली, ती वेगळ्या कायद्यानं. या जुन्या कायद्यातलं वाक्य मात्र तसंच राहिलं. बारा आठवडे धरून माझे दोनशे चाळीस थोडक्यात हुकत होते.

“मग उरलेले चौदा आठवडे?” मी विचारलं.

तो म्हणाला, “ते रजेत आहेत, मॅडम. पण या हिशेबात नाहीत.”

नव्या कायद्यात सगळे सव्वीस धरतात, आणि अटही दोनशे चाळीसची राहिली नाही, एकशे ऐंशीवर आणली आहे, असंही त्यानं सांगितलं. पण तो आपल्याला नेमका केव्हापासून लावायचा, मागच्या वर्षाला लागतो की या वर्षाला, हे विचारून सांगतो म्हणाला. पुढच्या फेरीला नक्की.

त्या दिवशी घरी जाताना रिक्षात मी ते चौदा आठवडे कोणते असतील याचा विचार करत होते. पहिले बारा सोडले तर मुलगी मान धरू लागली तेव्हापासूनचे? की शेवटचे बारा धरायचे आणि आधीचे सोडायचे? मुलगी पालथी पडायला लागली तो आठवडा मोजलेल्यांतला की न मोजलेल्यांतला? असा विचार करण्यात काही अर्थ नव्हता, हे मला कळत होतं. तरी तो डोक्यातून जाईना.

सल्लागाराची पुढची फेरी यायच्या आत मुलीला कांजिण्या आल्या. आधी नुसता ताप, मग पोटावर आणि पाठीवर पुरळ. शेजारच्या वहिनींची स्वतःची दोन लहान मुलं, त्यांनी हात जोडले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सासूबाईंना फोन केला तर चकलांब्याला हरभरा काढणीला आला होता आणि मोठ्या जाऊबाई स्वतःच अंथरुणाला खिळलेल्या. यजमान दोन दिवस घरी राहिले. औषधाच्या दुकानात रजा असा प्रकार नाही, मालक ओळखीचा म्हणून त्यानं सोडलं, पण तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. मग दोन दिवस मी राहिले. ॲपमध्ये माझ्या नावापुढं ‘बिनपगारी’ असं लाल अक्षरांत उमटलं. मी मुलीला मांडीवर घेऊन ती लाल अक्षरं पाहत होते. ती अंग खाजवायला हात वर न्यायची आणि मी तो धरून ठेवायचे.

आईला मी काही कळवलं नव्हतं. ती पश्चिमेकडं तोडीवर होती, बसनं अख्ख्या दिवसाच्या वाटेवर. पण यजमानांनी भावाला सांगितलं आणि भावानं तिला. दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं तर आई. हातात पिशवी, पाय उसाच्या पाचटानं ओरखडलेले, तीन गाड्या बदलून आलेली. आत आल्या आल्या तिनं पाणीसुद्धा न पिता हातपाय धुतले आणि पोरीला माझ्याकडून घेतलं.

मी विचारलं, कोयत्याचं काय केलंस? तर वडिलांच्या जोडीला माझी आत्या उभी राहिली होती. आत्याचं वय झालंय, तिच्यानं मोळ्या उचलवत नाहीत, पण बांधून देईल म्हणाली. मुकादम काही बोलला का, तेही विचारलं. आईनं लिंबाचा पाला कुठं मिळंल, एवढंच विचारलं.

आई आली म्हणून मी कामावर जाऊ शकले. संध्याकाळी परत यायचे तेव्हा घरात कडूलिंबाच्या पाल्याचा कडवट वास असायचा आणि मुलगी आईच्या पसरलेल्या पायांवर झोपलेली. आई आठवडाभर राहिली. त्यातल्या रविवारी दुपारी आम्ही दोघी निवांत बसलो होतो, तेव्हा आई सहज म्हणाली, “म्या आले, बरं झालं. तुजी रजा तू ऱ्हाऊ दी. लागंल कवातरी.”

म्हणजे माझी रजा वाचावी म्हणून ती आली होती. मी म्हटलं, आई, वाचवायला माझ्याकडे रजाच नाही. तिला वाटलं मी तिला बरं वाटावं म्हणून, किंवा तिला आणखी थांबवून घ्यावं म्हणून असं म्हणतेय. तूच तर सांगितलं होतंस, नियम हाय, कायदा हाय, असं तिनं मला माझंच बोलणं ऐकवलं. मग मी तिला सगळं सांगायला बसले. दोनशे चाळीस, वीस दिवसांमागं एक, बारा आठवडे, सव्वीस आठवडे. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की प्रयोगशाळेत नव्यानं आलेल्या मुलीला तेलाचा आंबटपणा कसा काढायचा हे मी अर्ध्या तासात शिकवू शकते, पण हे मला स्वतःलाच सरळ मांडता येत नाहीये.

आईनं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, “मंग त्या सा महिन्यात तू कामावर हुतीस का न्हवतीस?”

“एका हिशेबानं होते. दुसऱ्या हिशेबानं नव्हते.”

“आसं कसं आसंल? मानूस एकाच जागी आस्तं.” ती पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत होती. “तू तर माझ्याजवळ हुतीस.”

मी तिला विचारलं की मी झाले तेव्हा ती किती दिवस कामावर गेली नव्हती. लहानपणापासून ऐकलं होतं की आम्हा दोघा भावंडांपैकी एकजण तोडीवर, उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत जन्मलं आणि एकजण गावी. आई एकदा म्हणाली तीन दिवस. मग म्हणाली, नाही, ते तुझ्या भावाच्या वेळी, तुझ्या वेळी सासू संगं हुती, म्हणून जास्ती बसले. मग पुन्हा म्हणाली की सासू संगं होती ते भावाच्या वेळी. शेवटी तिनं नाद सोडला. “तू का त्यो, आता ध्येनात न्हाई,” ती म्हणाली. “मोळ्या बांधल्या एवढं आठवतंय.” मीही पुढं विचारलं नाही. मला वाटलं होतं ती आकडा सांगेल आणि त्यावरून मला काहीतरी समजेल. काय समजणार होतं, ते मलाही ठाऊक नव्हतं.

मुलीच्या अंगावरच्या खपल्या पडायला लागल्या तशी आई निघाली. तिला बसस्थानकावर सोडायला यजमान गेले, मला कामावर जायचं होतं. जाताना तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि साहेबाशी भांडू नको म्हणाली. मी कुणाशीच भांडत नव्हते, भांडायला समोर कुणी नव्हतंच. भाऊसाहेब बिचारे रोज विचारत होते, पोरगी कशी आहे म्हणून.

मार्चमध्ये सल्लागार आला आणि दुपारनंतर माझ्या ॲपमध्ये शून्याच्या जागी आठ आले. मी कागदावर मांडून पाहिलं. मागच्या वर्षी प्रत्यक्ष काम केलेले दिवस, भागिले वीस, आठाच्या जवळपास येत होतं. म्हणजे अट भरली असं धरलं होतं. संध्याकाळी त्यातले दोन कमी होऊन सहा राहिले, आणि ‘बिनपगारी’ची लाल अक्षरं गेली. ते दोन दिवस या रजेत वळते केले, असं भाऊसाहेब म्हणाले.

मी आभार मानले आणि विचारलं, शेवटी कशाच्या आधारावर ठरलं? भाऊसाहेब म्हणाले, मालकांच्या कानावर घातलं, ते म्हणाले देऊन टाका. सल्लागार गाडीत बसता बसता भेटला. तो म्हणाला, मालकांचा काही संबंध नाही, सगळे सव्वीस आठवडे धरायचे असं वरून कळलं. वरून म्हणजे कुठून, ते विचारेपर्यंत गाडी सुरू झाली होती. आणि ताईंचं ठाम मत होतं की त्यांनी मॅनेजरला दोन शब्द सुनावले म्हणून काम झालं. त्यांनी खरंच सुनावले होते. तिघांचंही खरं असेल. तिघांपैकी एकाचंही नसेल.

एवढ्यावर मी गप्प बसले असते. पण पॅकिंगमध्ये एक नुकतंच लग्न झालेली मुलगी आहे, तिला पाचवा महिना लागलाय. तिनं मला गाठलं. म्हणाली, मॅडम, तुमचं झालं ना, मग मलाही पुढच्या वर्षी मिळंल का? मिळेल म्हणावं तर कशाच्या जोरावर, आणि नाही म्हणावं तर मला मिळालेलं तिनं पाहिलेलं. मी तिला म्हटलं की आपण दोघी मिळून सल्लागाराला विचारू, आणि या वेळी ते लेखी मागू. तिनं मान हलवली, पण तिचा चेहरा मी जानेवारीत त्या खोलीतून बाहेर आले तेव्हाच्या माझ्यासारखा होता.

त्याच आठवड्यात आईला फोन लावला. मुलगी आता धरून उभी राहते हे सांगितलं, आणि रजा मिळाली हेही सांगितलं. आईला आनंद झाला. किती, ते तिनं विचारलं नाही. त्या दिवसांत काय करायचं असतं, असं विचारलं. मी म्हटलं, काहीच नाही, घरी राहायचं, कुठं जायचं असेल तर जायचं.

“आन् मंग देत्यात कावून?”

मी सांगायला लागले, की वर्षभर माणूस काम करतं, त्याला विसावा मिळावा म्हणून. आई ऐकत होती. पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता आणि कुणीतरी तिला हाक मारत होतं. ती म्हणाली, ट्रॅक्टर भरायला आलाय, ठिवते. मी रजा टाकून दोन दिवस पोरीला घेऊन तुझ्याकडं येऊ का, असं विचारायचं माझ्या मनात होतं. पण तोवर फोन बंद झाला होता, आणि पोरीला घेऊन त्या कोपीत राहायचं कसं, हेही मला नीट ठरवता येत नव्हतं.